४२ रकान्यांचा फॉर्म आणि पुराची तयारी

सप्रेम नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातल्या एका तरुण मंडळाबरोबर काम करते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या मंडळाने धान्याचे किट, चादरी, पाणी, जनावरांना चारा असं बरंच वाटप केलं. सगळ्यांनी मनापासून केलं, पण मागाहून हिशेब बघायला बसलो तेव्हा वाईट वाटलं. सहा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, तिघांच्या लॅपटॉपवर तीन एक्सेल, शिवाय वह्या. काही घरांत दोनदा-तीनदा किट गेलं आणि मळ्यातल्या काही वस्त्यांवर एकदाही पोचलं नाही.

यंदा पावसाळ्याआधी तयारी करायचं ठरलंय. माझं शिक्षण कॉम्प्युटरचं, म्हणून ‘माहितीचं सगळं तू बघ’ असं सांगून काम माझ्याकडे आलं. अध्यक्षांना मंडळाचं स्वतःचं अ‍ॅप हवंय. पुण्यातले त्यांचे एक ओळखीचे ते करून देणार आहेत. अध्यक्षांनी ४२ रकान्यांचा एक फॉर्मही तयार केलाय. आधार, बँक खातं, जात, धर्म, आजार, घरातल्या सगळ्यांचे फोटो, सगळं त्यात आहे. ‘एकदाच घेऊन ठेवू, पुढे कधीतरी लागेल,’ असं ते म्हणतात. दोनदा किट नेणाऱ्यांना पकडायला अंगठ्याचं मशीन घ्यावं असंही त्यांच्या मनात आहे. देणगीदार तर वाटपाचे फोटो आणि लाभार्थ्यांची यादी मागतातच. मला यातलं काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते मांडता येत नाही. अध्यक्ष वयाने आणि मानाने मोठे आहेत. सुरुवात कुठून करू?

— एक वाचक, शिरोळ तालुका

ताई,

आधी अ‍ॅपबद्दल, कारण त्यावर पैसे खर्च व्हायच्या आत तुम्हाला बोलावं लागेल. या पावसाळ्यापुरतं तरी अ‍ॅप बाजूला ठेवा. तुमच्या पत्रातल्या अडचणी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. त्यातली एकही अ‍ॅप नव्हतं म्हणून आलेली नाही. यादी कुणी सांभाळायची हे ठरलं नव्हतं, म्हणून तीन एक्सेल झाल्या. एका गटाने काय वाटलं ते दुसऱ्याला कळत नव्हतं, म्हणून एकाच घरात दोनदा किट गेलं. मळ्यातली वस्ती कुठल्याच यादीत नव्हती, म्हणून ती राहून गेली. हे तसंच ठेवून अ‍ॅप केलंत तर हाच गोंधळ अ‍ॅपमध्ये जाईल, आणि ऐन पुरात ते बंद पडलं तर दुरुस्त करणारा माणूस पुण्यात असेल.

आता तो फॉर्म. तो घेऊन अध्यक्षांसोबत शांतपणे बसा आणि प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारा: याचं उत्तर मिळालं तर उद्या सकाळी आपण काय वेगळं करणार? ज्याचं उत्तर ‘पुढे कधीतरी’ असेल तो रकाना खोडा. तुम्हाला खटकतंय ते बहुधा हेच आहे. पुरातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला, ज्याची चूल पाण्याखाली आहे त्याला, आपण ४२ प्रश्न विचारतो आणि तो नाही म्हणू शकत नाही, कारण किट आपल्या हातात असतं. अशा वेळी अनावश्यक प्रश्न विचारणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं मी मानते.

एक उदाहरण घ्या. समजा गावातल्या शाळेत २०० माणसं आणून ठेवलीत. मदतकार्यात जगभर ‘स्फिअर’ नावाची किमान मानकं वापरतात. त्यांच्याप्रमाणे पिण्याला, स्वयंपाकाला आणि स्वच्छतेला मिळून माणशी दिवसाला किमान १५ लीटर पाणी हवं आणि २० माणसांमागे एक शौचालय हवं. म्हणजे रोज ३,००० लीटर पाणी आणि १० शौचालयं. हा हिशेब करायला एकाही माणसाचं नाव लागलं नाही, आधार तर नाहीच. बाया किती आणि पाच वर्षांखालची पोरं किती एवढं कळलं की पॅड, दूध, अंगावरचे कपडे यांचाही अंदाज निघतो.

तेव्हा दोन कामं वेगळी करा. पहिलं काम पाहणीचं: कुठल्या गावात, कुठल्या वस्तीत किती माणसं अडकलीत, पाण्याची काय स्थिती आहे, रस्ता सुरू आहे का. हे पहिल्या दिवशी, अर्ध्या पानावर, पोलीस पाटील, आशाताई, दूध संस्थेचा सचिव अशा माहीतगार दोन-तीन जणांना विचारून होतं. दुसरं काम नोंदणीचं: कोणत्या कुटुंबाला काय दिलं. नावं लागतात ती इथे, वाटपाच्या वेळी. बरीच मंडळं पहिल्याच दिवशी घरोघर नोंदणी करायला निघतात. मग पाहणी राहते, आणि ट्रक दिसेल त्या रस्त्यालगतच्या गावात रिकामा होतो.

खोडण्याबरोबर एक रकाना वाढवाही. तुमच्या अध्यक्षांच्या ४२ रकान्यांत जनावरांचा उल्लेख तुम्ही लिहिलेला नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर म्हशी गोठ्यात आहेत म्हणून माणूस घर सोडत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. कोणत्या वस्तीत किती जनावरं आहेत हा आकडा आधी हाताशी असेल तर चारा आणि छावणीची जागा ठरते, आणि माणसं वेळेत बाहेर पडतात.

आता ठिकाणांच्या नावांविषयी जरा सविस्तर लिहिते. सगळी व्यवस्था इथे घसरते आणि कुणाचं लक्ष नसतं. तुमच्याच भागातलं बघा. ‘कवठ्याला २०० किट पाठवा’ असा निरोप आला, तर ट्रक कुठे जाणार? शिरोळ तालुक्यात कवठेगुलंद आहे, कवठेसार आहे. मिरज तालुक्यात कवठेपिरान, तासगाव तालुक्यात कवठे एकंद, आणि कवठेमहांकाळ तर तालुकाच. सांगली-कोल्हापूरबाहेरून मदत घेऊन आलेल्या ड्रायव्हरला यातलं काही माहीत नसतं. शिरोलीचं तेच, एक पुलाची, एक दुमाला. शिवाय एकच गाव एकाने कवठेगुलंद लिहिलं, दुसऱ्याने कवठे गुलंद, तिसऱ्याने इंग्रजी अक्षरांत आपल्या कानाला वाटलं तसं, की कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती तीन गावं झाली. बेरीज तिथेच चुकते.

म्हणून मोठ्या मदतकार्यात ठिकाणांना कोड देतात. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेत त्यांना पी-कोड म्हणतात. आपल्याकडे ते नव्याने करायची गरज नाही. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी कोड आहे. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही गावांचे कोड आहेत. दोन्हीपैकी एक निवडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. पण हे कोड गावाला आहेत, वस्तीला नाहीत; आणि तुमच्या राहून गेलेल्या घरांचं मूळ कारण तेच आहे. मळा, वाडी, बेघर वसाहत, वीटभट्टी, ऊसतोड मजुरांच्या झोपड्या यांची यादी तुम्हालाच करावी लागेल. गावाच्या कोडापुढे ०१, ०२, ०३ असे वस्तीचे अंक जोडा. हे काम मे महिन्यात, जमीन कोरडी असताना, गावातल्या आशाताई आणि पोस्टमनला सोबत घेऊन करा. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या तयारीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि त्याला एक रुपयाचं सॉफ्टवेअर लागत नाही.

आधी केलेल्या अशा कामाचं मोल नेपाळमध्ये दिसलं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाआधी काही वर्षं काठमांडूतले तरुण ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या नकाशावर रस्ते, शाळा, दवाखाने भरत होते. त्यातूनच काठमांडू लिव्हिंग लॅब्स ही संस्था उभी राहिली. भूकंप झाला तेव्हा स्थानिक नावांसकट नकाशा पुष्कळसा तयार होता, आणि जगभरचे हजारो स्वयंसेवक त्यात भर घालू शकले. हैतीत १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर पोर्ट-ओ-प्रिन्सचा असा नकाशा उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पुढच्या दिवसांत काढावा लागला. स्वयंसेवकांनी ते फार झपाट्याने केलं आणि बचाव पथकांनी तो वापरलाही. तुमच्या हाताशी तर वेळ आहे. आपल्या तालुक्यातल्या वस्त्या, पाणंद रस्ते, पाणी चढलं की आधी बुडणारे पूल ओपनस्ट्रीटमॅपवर आत्ताच घाला. कॉलेजची चार पोरं एका आठवड्यात बरंच करतील. फक्त वस्ती आणि रस्ते घाला, कुणाच्या घरावर नाव नको.

कुटुंब कशाला म्हणायचं हेही आधी ठरवा. एका घरात तीन भाऊ, तीन चुली. फॉर्म भरणाऱ्या एकाने त्यांचं एक कुटुंब धरलं, दुसऱ्याने तीन, की वाटपाच्या दिवशी भांडण ठरलेलं. ‘एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब’ ही व्याख्या गावाला समजते आणि पटते. ती फॉर्मच्या वर छापा.

कुटुंबाची ओळख कशावरून ठेवायची, हा तुमचा मोठा प्रश्न आहे. नावावरून ठेवू नका. सुनीता आणि सुनिता, चौगुले आणि चौगले, कधी नवऱ्याचं नाव आधी तर कधी सासऱ्याचं. एकाच बाईच्या तीन नोंदी सहज होतात. मोबाइल नंबर एका घरात एकच असतो आणि तो नवऱ्याकडे असतो, किंवा फोन पुरात गेलेला असतो. रेशनकार्ड बरं, पण ज्यांना मदतीची गरज सगळ्यात जास्त, त्या मजुरांचं रेशनकार्ड त्यांच्या मूळ गावी असतं, भाडेकरूंचं दुसऱ्या पत्त्यावर.

साधा मार्ग हा: मंडळाचं स्वतःचं कार्ड छापा. त्यावर गावाचा कोड, वस्तीचा अंक आणि कुटुंबाचा क्रमांक. अर्धं कार्ड कुटुंबाकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, अर्धं तुमच्या रजिस्टरला. दरवेळी काही दिलं की दोन्हीकडे खूण. कार्ड हरवलं तर शेजाऱ्याची ओळख घेऊन दुसरं द्या. नाव रजिस्टरमध्ये एकदाच येतं. पुढची सगळी मोजदाद क्रमांकावर चालते. दुसऱ्या मंडळाला सांगतानाही ‘या वस्तीतले १ ते ४० क्रमांक झाले’ एवढं पुरतं, नावांची यादी द्यावी लागत नाही.

अंगठ्याचं मशीन नको. रेशन दुकानात ई-पॉसवर म्हाताऱ्यांचे आणि कष्टकऱ्यांचे अंगठे उमटत नाहीत, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ऊस तोडणाऱ्या, वीट उचलणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. पुरात तर हात दिवसभर ओले. म्हणजे चुकून नाकारला जाईल तो नेमका गरजू. आणि बोटांचे ठसे एकदा भलत्या हाती गेले तर पासवर्डसारखे बदलता येत नाहीत. येमेनमध्ये २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमासारख्या बलाढ्य संस्थेलाही हा प्रश्न जड गेला. धान्य भलतीकडे वळतंय म्हणून त्यांना बायोमेट्रिक नोंदणी हवी होती, तिथल्या सत्ताधाऱ्यांशी त्यावर एकमत होईना, आणि जूनमध्ये राजधानी सनाच्या भागातली मदत काही काळ अंशतः थांबवावी लागली. ८ लाख ५० हजार लोकांवर त्याचा परिणाम झाला. तुमच्या मंडळासाठी मी इतकंच म्हणेन, की दोनदा किट नेलेलं घर शोधण्यात जी ताकद जाईल, ती एकदाही न मिळालेलं घर शोधण्यात घाला. कार्डावरच्या खुणेने पहिलं काम बऱ्यापैकी होतंच.

हत्यारांचं बोलायचं तर कोबोटूलबॉक्स बघा, फोनवर फॉर्म भरून माहिती गोळा करायचं साधन. हार्वर्ड विद्यापीठातल्या मदतकार्यविषयक संस्थेत ते सुरू झालं, आज जगभर मदतसंस्था वापरतात, आणि छोट्या मंडळाच्या गरजेपुरतं मोफत आहे. साध्या अँड्रॉइड फोनवर चालतं, प्रश्न मराठीत लिहिता येतात, नेटवर्क नसताना भरलेला फॉर्म फोनमध्ये राहतो आणि नेटवर्क मिळालं की पुढे जातो. गावाचं नाव टाइप करायला देऊ नका. कोड जोडलेल्या यादीतून निवडायला लावा. माणसांच्या संख्येला वरची मर्यादा घाला, म्हणजे चुकून ५ चे ५५ होणार नाहीत. तुमच्या शिक्षणाचा खरा उपयोग इथे आहे.

पण कागद सोडू नका. २०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा वीज गेली, मोबाइल लागेना. तुमच्याकडेही तसं होईल असं धरून चला. तेच प्रश्न, त्याच क्रमाने, कागदावर छापलेले असावेत. बॉलपेनने लिहावं, कारण जेल पेनची शाई पाण्याने जाते. आणि रात्री कुणी एकाने ते कागद मूळ यादीत चढवावेत. तो ‘कुणी एक’ नावानिशी ठरवा. मूळ यादीत बदल करायचा अधिकार त्याला आणि त्याच्या बदली माणसाला, बाकी सगळे फक्त पाहतील. तीन एक्सेलचा प्रश्न याने संपतो.

एक्सेलमधल्या काही खोडी तुम्हाला ठाऊक असतील, तरी लिहिते, कारण भरणारी पोरं नवीन असतील. रेशनकार्डाचा १२ अंकी क्रमांक किंवा शून्याने सुरू होणारा कोड टाकायच्या आधी तो रकाना मजकुराचा करा, नाहीतर शून्य गळतं आणि मोठा आकडा भलत्याच रूपात दिसतो. मराठी अंकांत टाकलेली संख्या बरेचदा मजकूर धरली जाते आणि बेरजेत येत नाही, म्हणून मोजायचे आकडे इंग्रजी अंकांत. तारीख ५/८ अशी नको, ५ ऑगस्ट अशी हवी. ग्रामपंचायतीकडून जुनी यादी मिळाली आणि ती श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल, तर युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय तुमच्या यादीशी जुळवायला जाऊ नका. एकही नाव जुळणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅप बंद करा म्हणणार नाही, ते होणारही नाही. ते निरोपासाठी ठेवा, नोंदीसाठी नको. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळच्या पुरात राज्याच्या आयटी मिशनने स्वयंसेवक प्रोग्रामरांच्या मदतीने ‘केरळ रेस्क्यू’ हे संकेतस्थळ उभं केलं. मदतीच्या हाका तिथे एकत्र आल्या, त्याने खूप काम झालं. तरीही माणसं सुखरूप बाहेर पडल्यावर त्यांच्या जुन्या हाका फिरत राहायच्या, आणि स्वयंसेवक एकेका नंबरवर फोन करून खरं-खोटं तपासत बसायचे. तुमच्या ग्रुपसाठी नियम करा: तारीख, वेळ, गाव-वस्ती आणि कुणी पाहिलं हे नसलेला निरोप पुढे जाणार नाही, आणि काम झालं की ज्याने निरोप टाकला त्यानेच ‘झालं’ असं त्याच्याखाली लिहायचं.

आता फॉर्ममधल्या ज्या रकान्यांनी तुम्हाला अस्वस्थ केलं, त्यांच्याकडे येते. जात आणि धर्म यांचा किटाशी संबंध नाही, काढून टाका. बँक खातं फक्त रोख मदत खात्यात टाकणार असाल तर, आणि तेव्हाच घ्या. आधारचा क्रमांक साठवू नका, झेरॉक्सही नको. कुठे ओळख पटवणं अगदी अटळच असेल तर शेवटचे चार अंक दिसणारं मास्क केलेलं आधार नुसतं पाहून परत द्या. आजाराचा रकाना वाटपाच्या यादीत अजिबात नको. क्षयरोगाची गोळी चुकू नये ही काळजी योग्य आहे, पण ती माहिती प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आणि आशाताईंकडे आधीच असते. गरोदर बायांची यादीही त्यांच्याकडे आहे. तुम्ही नवी यादी करण्याऐवजी त्यांना छावणीत बोलावून घ्या. एकटी राहणारी बाई, तिचा नंबर आणि तिचं घर एका ओळीत लिहिलेली यादी ग्रुपवर फिरली तर काय होऊ शकतं, ते तुम्हाला सांगायला नको.

‘आपल्या गावातल्या यादीत कुणाला रस असणार?’ असं अध्यक्ष म्हणतील. त्यांना दोन घटना सांगा. जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाल्याचं आणि ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती चोरांच्या हाती लागल्याचं उघड झालं. युद्धात, आपत्तीत ताटातूट झालेली, बेपत्ता असलेली माणसं होती ती. त्यांना घरच्यांशी जोडण्यासाठी ती माहिती गोळा केली होती. दुसरी घटना बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांची. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने त्यांची नोंदणी केली, तिच्या आधारे मदतीचं कार्ड दिलं. पुढे बांगलादेश सरकारने ही माहिती म्यानमारला दिली, ज्या देशातून ती माणसं जीव मुठीत धरून पळाली होती. ह्यूमन राइट्स वॉचने २०२१ मध्ये हे उघड केलं. संमती घेतली होती, असं निर्वासित संस्थेचं म्हणणं होतं. पण अहवालासाठी ज्यांच्याशी बोललं गेलं, त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना आपली माहिती तिकडे जाईल असं कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि हातात दिलेली पावती इंग्रजीत होती. दोन्ही ठिकाणी माहिती गोळा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आपत्तीत मदत पोचवण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायला वाव देतो, हे खरं. तेवढ्यावर विसंबू नका. कायदा चालवून घेतो म्हणून घरातल्या सगळ्यांचे फोटो साठवणं योग्य ठरत नाही. फॉर्म भरणाऱ्या प्रत्येक पोराला चार वाक्यं पाठ करायला लावा: आम्ही अमुक मंडळाचे. ही माहिती किट वाटण्यासाठी आहे. हा सरकारी पंचनामा नाही, याने नुकसानभरपाई मिळणार नाही. तुम्हाला एखादं उत्तर द्यायचं नसेल तर किट अडणार नाही. यातलं तिसरं वाक्य विसरू नका. लोक फॉर्म दिसला की पंचनामा समजतात, आणि मग तलाठ्यांचा खरा पंचनामा होतो तेव्हा ‘आमचं झालंय’ म्हणून घरी थांबत नाहीत.

पुरात तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाला रोज संध्याकाळी एक छोटा तक्ता द्या: कोण, काय, कुठे, कधी. तुम्ही कुठल्या वस्तीवर काय दिलं आणि उद्या कुठे जाणार, एवढंच, नावांशिवाय. बाकीच्या मंडळांनाही तसंच करायला सांगा. पहिल्या दिवशी कुणी ऐकणार नाही. दुसऱ्या दिवशी दोन ट्रक एकाच गावात भेटले की ऐकतील.

देणगीदारांना यादी देऊ नका. त्यांना हवा असतो भरवसा, आणि तो त्यांना मिळायलाच हवा. वस्तीनिहाय किती कार्डं, किती किट, खरेदीची बिलं, ट्रकच्या पावत्या, उरलेला माल, हे सगळं मोकळेपणाने द्या. रजिस्टर बघायचं असेल तर कार्यालयात येऊन बघू द्या. फोटोंबाबत रेडक्रॉस आणि इतर मदतसंस्थांची १९९४ ची आचारसंहिता आहे. आपल्या प्रसिद्धीत आपत्तीग्रस्तांना सन्मान असलेली माणसं म्हणून दाखवा, दीनवाणी म्हणून नको, असं तिचं दहावं तत्त्व सांगतं. किट उतरवणारे हात, भरलेला ट्रक, स्वयंपाक करणारं मंडळ यांचे फोटो काढा. रांगेत उभ्या असलेल्या बाईचा हात पुढे केलेला फोटो काढू नका, तिने हो म्हटलं तरी. त्या रांगेत ती नाही म्हणू शकत नाही.

अध्यक्षांशी बोलायची अडचण मला समजते. त्यांच्या फॉर्ममध्ये काय चूक आहे ते सभेत सांगू नका. वस्त्यांची यादी आणि नकाशा घेऊन एकट्या त्यांच्याकडे जा, आणि गेल्या दोन पुरांत राहिलेल्या वस्त्या त्यांनाच दाखवायला सांगा. ते जुने कार्यकर्ते आहेत; मळ्यातली कोणती घरं कुणाच्या शेतात आहेत हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असेल. ते काम त्यांना आवडेल, आणि त्यातून फॉर्मचा विषय आपोआप निघेल. पुण्यातल्या त्या ओळखीच्या माणसालाही परत पाठवू नका. कोबोवरचा फॉर्म तपासायला, फोनांना पासवर्ड लावायला, गुगल शीट ‘लिंक असलेल्या कुणालाही’ उघडी राहिली नाही ना ते बघायला असा माणूस हवाच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक रंगीत तालीम करा. एक वस्ती, दहा घरं, फोन विमानाच्या मोडवर, सोबत कागद. तिथे जे अडेल ते दुरुस्त करा. मग पाण्याच्या पातळीशी तुमची कामं बांधून टाका. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ३९ ला पाणी आलं की पॉवर बँक भरायच्या, फॉर्मचे गठ्ठे पिशव्यांत घालायचे, वस्त्यांच्या यादीची छापील प्रत प्रत्येक गटाकडे पोचवायची. ४३ ची वाट बघायची नाही. आणि मंडळाच्या वहीत आजच एक तारीख लिहून ठेवा, हिशेब तपासून झाल्यानंतरची, समजा ३१ मार्च. त्या दिवशी नावांचं रजिस्टर आणि फोनमधल्या प्रती दोन जणांच्या समक्ष नष्ट करायच्या. वस्त्यांची यादी, कोड आणि आकडे तेवढे पुढच्या वर्षासाठी ठेवा.